ओला पट्टा

एमआयडीसीतल्या औषध कारखान्यानं माझे नव्व्याण्णव टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे कॅन परत पाठवले. क्लीनरूम, म्हणजे औषधं बनवायची जंतुमुक्त खोली, पुसायला त्यांना सत्तर टक्क्यांचंच हवं होतं, बाकी पाणी. मी फाटकावर भांडत होतो, तेवढ्यात जेवायला बाहेर पडलेली तिथली सफाईवाली बाई थांबली. तिनं टेम्पोच्या पत्र्यावर ओल्या बोटानं दोन पट्टे ओढले, एक माझ्या मालाचा, एक तिच्या कमरेला लटकवलेल्या बाटलीतल्या सत्तर टक्क्यांचा. माझा बघता बघता उडाला.

"भाऊ, जंतू मरायला येळ लागतो. तुमचं थांबतंय कुठं?" एवढं बोलून ती डबा घेऊन गेली.

पाणी घालतात म्हणून मी आयुष्यभर दूधवाल्यांशी भांडलो. आता पाणी नाही म्हणून माझाच माल परत. तिचा पट्टा अजून ओला होता. भांडावं कुणाशी, हेच मला कळेना.