उताराखालचं घर

"बाई, नकाशात इथं घर नाही." मी शाळेत असताना वर्ध्याकडच्या आमच्या गावात रस्त्याची मोजणी करायला आलेला माणूस आमच्याच दारात उभा राहून आईला म्हणाला होता.

आज नोएडाच्या ऑफिसात, मी आखत असलेल्या पानिपतकडच्या एका रस्त्याचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल सकाळपासून एकाच जागी तुटत होतं. रस्त्याखालच्या मातीच्या भरावाचा उतार खाली जमिनीला टेकतच नव्हता. शोधलं, तर तेवढ्या तुकड्याची मोजणीच झालेली नव्हती.

आमचे सक्सेना सर हसले. "अरे मॅडम, आसपास के पॉइंट जोड दो ना. लंच से पहले खतम!"

आजूबाजूचे मोजलेले पॉइंट जोडले. सॉफ्टवेअरने मधली जमीन आपणच भरली, उतार टेकला, एरर गेली.

तुम्हाला सांगते, मग मी मॉडेलखाली उपग्रहाचा फोटो लावून पाहिला. त्या तुकड्यात घर होतं. गच्चीवर काहीतरी लाल वाळत होतं. उतार थेट त्या घरावर येत होता.

पसरणाऱ्या उताराऐवजी तिथे सरळ उभी काँक्रीटची भिंत घेतली, तर घर वाचतं. पण खर्च वाढतो, त्यामुळे सर नाहीच म्हणणार. तरी आत्ता मेल पाठवली: "सर, एवढ्याच तुकड्यात भिंत द्या. इथं घर आहे."