आप्पांचा खोकला

कुणी खोकलं की लोक तोंड फिरवतात. मी शिरूरच्या आयसीयूतली नर्स मात्र एका खोकल्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते.

आप्पा वडगाव रासाईचे. शेतीची लाइट रात्रीचीच म्हणून उसाला पाणी द्यायला गेले, खोपीत जमिनीवरच आडवे झाले आणि मण्यार चावली. प्रतिविष मिळालं, पण तोवर अंग लुळं पडलं होतं. पापण्यासुद्धा उघडेनात. श्वास व्हेंटिलेटरवर. डॉक्टर म्हणाले, "विष उतरेल. तोवर छातीत इन्फेक्शन होता कामा नये. झालं तर माणूस हातचा जाईल." ते सांभाळणं माझ्या गळ्यात आलं.

असा पेशंट खोकून कफ काढू शकत नाही. श्वासनळीत बसवलेल्या ट्यूबमधून आम्ही बारीक नळी घालून तो ओढून घेतो, त्याला सक्शन म्हणतात. उठसूट करायचं नाही, घरघर ऐकू आली की करायचं. दर वेळी हात धुवायचे, ग्लोव्हज नवे, नळी नवी. तोंडात घातलेली नळी श्वासनळीत कधीच नाही. आणि पलंगाची डोक्याकडची बाजू कायम उचललेली. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, गाड्यांच्या वर आवाज काढायची सवय. या बाबतीत मी डॉक्टरांनाही सोडत नाही.

मण्यारीचं एक भयंकर असतं. अंग मेल्यासारखं पडतं, पण शुद्ध शाबूत राहू शकते, माणूस सगळं ऐकत असतो. म्हणून मी आधी सांगायची, "आप्पा, नळी घालतेय हं, थोडा त्रास होईल." उत्तर कुठून येणार? तरी सांगायची.

भेटायला त्यांच्या थोरल्या बहीण यायच्या, अक्का. हात धुवायच्या, गाऊन घालायच्या, कसली तक्रार नाही. त्या दुपारी मी शेजारच्या बेडकडे वळले, तेवढ्यात त्यांनी हँडल फिरवून पलंग सपाट केला, ओच्यातून बाटली काढली आणि तुळशीच्या पानानं आप्पांच्या तोंडात पाणी सोडलं.

"अक्का! काय करताय?"

"गंगंचं पाणी हाय, बाई. माणसानं तसंच कोरड्या तोंडानं जाऊ न्हाई. आता कुठं डोळं उघडतोय त्यो?"

माझं डोकंच फिरलं. "जिवंत माणसाला शेवटचं पाणी पाजता? ते ऐकताहेत सगळं! छातीत गेलं तर या पाण्यानंच मरतील ते!" तोंड चालू होतं तसे हातही चालू होते. पलंग वर घेतला, तोंडातलं, घशात साचलेलं पाणी ओढून काढलं, मग ग्लोव्हज बदलून नव्या नळीनं ट्यूबमधलं सक्शन. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांची कीव यायला मला घरी जाऊन जेवायला बसावं लागलं. त्यांच्या मनात काय वाईट होतं? काहीच नाही.

पुढे माझं सगळं लक्ष तापाकडे आणि कफाच्या रंगाकडे. ड्यूटी संपली तरी पाय निघेना. पण ताप आला नाही. कफ पांढराच राहिला.

आणि मग एका सकाळी सक्शनची नळी आत गेली तसं आप्पांचं अंग हललं. मला वाटलं मशीनचा धक्का. पुन्हा घातली. छाती उसळली, चेहरा लाल झाला आणि व्हेंटिलेटर बोंबलायला लागला. आप्पा खोकले होते! एरवी त्या अलार्मनं माझं डोकं उठतं, त्या दिवशी तो बंद करायचंही सुचेना. घरात पाळणा हलल्यासारखी मी सगळ्यांना सांगत सुटले. बाहेर बाकावर अक्का होत्या, त्यांचा हात धरला आणि दोघीही रडलो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

पुढे बोटं हलली, डोळे उघडले, ट्यूब निघाली. आवाज पार बसलेला. अक्का पायथ्याशी मान खाली घालून उभ्या होत्या. आप्पांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बाई, तोंडात पाणी पडलं तवा समजलो, आपला खेळ आटोपला. वाटलं, म्या मेलोय, आन् मेल्यावर बी ऐकू येत आसंल. मग तुम्ही भांडाया लागला." त्यांनी दम घेतला. "म्हनलं, मेल्या माणसापायी कोण कशाला एवढं भांडंल?"