घट्ट वेटसूट
नव्या रबराचा वास आला की मला प्लिमथच्या एका दुकानातली ट्रायल रूम आठवते. थंड समुद्रात बुडी मारून भाल्याने मासे मारायचं वेड मला नुकतंच लागलं होतं, म्हणून ब्रॅकनेलहून खास वेटसूट घ्यायला गेलो होतो. सोबत नागपूरहून आलेले सासरे होते. दुकानातल्या बाईंनी चांगला जाड सूट काढून दिला. बाहेरून खडकावर घासलं तरी न फाटणारं कापड, आतून उबेसाठी नुसतं रबर. "आत साबणाचं पाणी मारून मगच घाला," असं त्यांनी बजावलं होतं, पण मी घाईत तो कोरडाच डोक्यातून घातला आणि दोन्ही हात वर, तोंड आत, असा अडकलो. श्वास कोंडायला लागला तशा हाका मारल्या. सासरे आत आले. "जावईबापू, काही दिसतंय का?" "नाही, बाबा. ओढा." त्यांनी सगळा जोर लावून ओढलं आणि सूट हातात घेऊन पडद्यासकट थेट दुकानात जाऊन पडले. बाईंनी त्यांना उठवलं, सूट झटकला आणि शांतपणे म्हणाल्या, "इतका घट्ट बसतो म्हणजे साइज बरोबर आहे." तोच घेतला. आज पाचवा हिवाळा चालू आहे, सूट कुठेही उसवलेला नाही, थंडीही वाजत नाही. मासा मात्र अजून एकही मिळालेला नाही, आणि पक्के शाकाहारी सासरे दर रविवारी फोनवर तेवढी खात्री करून घेतात.