निम्म्या अडई

गेल्या हिवाळ्यातल्या पक्षीगणनेत सरांनी मला फसवलं. सर म्हणजे आमच्या पक्षीनिरीक्षण गटाचे प्रमुख, दारव्ह्याच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. मी संत्र्याचे बगीचे घेणारा व्यापारी. फळ झाडावर असतानाच अख्खा बगीचा विकत घेतो, तेव्हा माल किती निघेल ते नजरेनं ठरवावं लागतं. हे मला कुणी शिकवलं नाही. दोन बगीच्यांत बुडालो, मग जमलं.

राखीव तलावावर मी तीन हिवाळे जातो आहे. तिथं कुणाशी घासाघीस करावी लागत नाही. त्या सकाळी सरांनी एकेकाला काठ वाटून दिला. माझ्या वाट्याला पाळीची, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाची बाजू आली. खाली अडई बसल्या होत्या. ही तपकिरी बदकं दिवसा एकमेकींना खेटून पाण्यावर पडून असतात. एका झाडाचं फळ मोजून अख्ख्या बगीच्याचा अंदाज धरतो, तसा मी त्यांचा एक पुंजका मोजला. चाळीस. तसे सोळा पुंजके. सहाशे चाळीस. दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजलं, आकडा तोच आला. सरांना सांगितला. त्यांनी मान हलवून वहीत काहीतरी लिहिलं.

पुढच्या रविवारी फाटकाजवळच्या फलकावर तक्ता लागला होता. अडई, तीनशे वीस. वनरक्षक म्हणाला, मागच्या साली पाचशे होत्या, यंदा पाखरं घटली, वनखात्याचे मोठे साहेबही तेच म्हणून राह्यले. मी त्याच्यावरच ओरडलो. त्याचा काही दोष नव्हता.

सर पाळीवर दुर्बीण लावून बसले होते. माझी निम्मी बदकं कुठं गेली, असं मी विचारलं.

"तपू नका भाऊ," ते म्हणाले. "व्यापाऱ्याचा आकडा मी निम्माच धरतो."

"मी विकणारा नाही सर, घेणारा आहो. बगीच्यात दहा हजार फळ असलं त मी पाच सांगतो. माही सवयच धरायची होती, त आकडा दुप्पट करा लागत होता."

त्यांना हसू आलं. "मंग इथं काहून खरं सांगितलं?"

"इथं मले काय घ्याचं होतं?"

त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. म्हणाले की तक्ता वर वनखात्याकडे गेला, आता पुढच्या साली पाहू. त्यांच्या दुर्बिणीसमोरच अडई बसल्या होत्या. त्यांनी मोजल्या नाहीत.

बाजारात मी कमी-जास्त बोललो, तो धंदा होता आणि समोरच्यालाही ते ठाऊक होतं. या तलावावर मी एकदाच आकडा दिला आणि तो खरा होता. आता कागदावर पाखरं घटली आहेत, पाण्यावर वाढली आहेत. सरांनी गटातल्या सगळ्यांना घेऊन पाळीवर यावं, अडई स्वतः मोजाव्यात आणि माझ्या तीनशे वीस कुणाला विचारून खोडल्या, ते सगळ्यांसमोर सांगावं.