रेश्माच्या नावाची ढाल

वीरधवल आधी धाकटीला बघायला आला होता, पोहे घेऊन थोरली बाहेर आली आणि पाहुणा थोरलीवरच भाळला. म्हणून संयोगिता आणि रेश्मा या सख्ख्या बहिणी एकमेकींचं तोंड बघत नाहीत, अशी कुजबुज आमच्या गावात सहा वर्षं चालली. गिरणीच्या रांगेत चालली, सोसायटीच्या कट्ट्यावर चालली. रेश्मा बहिणीच्या हळदीलासुद्धा आली नाही, हा पुरावा. पोह्यांत मीठ कमी होतं, हा बारकावा मात्र माझा. गोष्ट अळणी राहू नये, एवढाच हेतू.

मी तात्याबा. गावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं क्लार्क होतो. कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, आणि कळलेलं पोटात ठेवलं की मला पित्त होतं. तरी या दोघी बहिणींची एक गोष्ट मी सोळा वर्षं पोटात ठेवली. त्याचं कारण चांगलं नाही.

संयोगिता ही आकारामची थोरली. आज ती आमच्याच हायस्कुलात खेळाची बाई आहे. सकाळी साडेसहाला गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर हजर. शाळेत चित्रकला मंडळ आहे, विज्ञान मंडळ आहे, वक्तृत्वाचा वर्ग आहे. पण चाळीस मुली रोज दव तुडवत येतात त्या खो-खोला. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो तेव्हा ती मुलींना शाळेच्या व्हरांड्यात बसवून उठवते, बसवून उठवते, आणि फरशीवर खो देताना चप्पल कुणाची सुटते ते बघते. शिस्त कडक. पण सगळ्यात कडक कशात, तर जन्मतारखेत. स्पर्धेचा अर्ज भरायचा म्हटलं की ती जन्माचा मूळ दाखला मागते, आधार मागते, आणि वर मुलीच्या बापाला बोलावून तोंडी विचारते. एकदा एक पालक वैतागून म्हणाला, "मॅडम, पोरगी खो-खो खेळायला निघालीया का सौदीला?" सगळे हसले. मीही हसलो, आणि मान दुसरीकडं वळवली.

दुसरी गंमत म्हणजे, ऑफिसातल्या काचेच्या कपाटात दोन हजार नऊ सालची जिल्ह्याची ढाल आहे. शाळेची एकुलती एक. ती पुसायला ही बाई कधी गेली नाही. मुलींना पाठवते आणि आपण बाहेर शिट्टीची दोरी गुंडाळत उभी राहते.

तर ते दोन हजार नऊ साल. संयोगिता तेव्हा नववीत, रेश्मा सहावीत. खेळाचे सर होते ज्योतिबा सर. माणूस भला, पण ढालीला हपापलेला. स्पर्धा चौदा वर्षांखालच्या मुलींची, आणि संयोगिता तीन महिन्यांनी पुढं गेलेली. तिच्याशिवाय संघ म्हणजे दात पडलेली म्हातारी. सर माझ्या टेबलापाशी आले, खिशातून सांगलीच्या भडंगाचा पुडा काढला आणि म्हणाले, "तात्याबा, तीनच महिन्यांचा प्रश्न आहे. हिची धाकटी वयात बसते."

मला समजवावं लागलं नाही. बोनाफाईड दाखला घेतला, नाव लिहिलं रेश्माचं, जन्मतारीख लिहिली रेश्माची, आणि फोटो डकवला संयोगिताचा. अर्धा शिक्का फोटोवर, अर्धा कागदावर. हेडमास्तरांनी गठ्ठ्यात सही केली. भडंग फार चांगलं होतं.

मग आठ दिवस मैदानावर वेगळाच सराव. ज्योतिबा सर मागून हाक मारायचे, "रेश्मा", आणि संयोगितानं वळायचं. नाही वळली की मैदानाला एक फेरी. खरी रेश्मा कडेला दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असायची. सुरुवातीला तीही वळून बघायची. नंतर बघेनाशी झाली.

सांगलीत अंतिम सामना आटपाडी तालुक्यातल्या एका संघाशी झाला. संयोगितानं साडेतीन मिनिटं पळून काढली, दोनदा खांबापाशी हुलकावणी दिली, आणि लाऊडस्पीकर गर्जत होता, रेश्मा, रेश्मा. ढाल आली. गुलाल उधळला. आकारामनं गावाला जिलेबी वाटली, आणि कुठल्या लेकीच्या नावानं वाटतोय हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी रेश्मा सातवीत गेली आणि मैदानात उतरली. आता सांगतो, मला खेळातलं फार कळत नाही, पण ऑफिसच्या खिडकीतून दिसायचं ते दिसायचं. थोरली जोरात पळायची. ही पळताना दिसायचीच नाही. मैदानावरच्या एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर गेलेली तेवढी कळायची. निवड चाचणीत थोरलीला तिला हात लावता आला नाही. ज्योतिबा सर खूश होण्याऐवजी घामाघूम झाले. आटपाडीवाल्यांनी, सांगलीवाल्यांनी रेश्मा म्हणून थोरलीचा चेहरा पाहिलेला. दुसरी रेश्मा उभी केली तर ढाल जाणार, शाळेवर बंदी येणार, आणि कागद निघाले तर सरांची आणि माझी नोकरी.

त्याच दुपारी रेश्मा माझ्या खिडकीशी आली. हातात अर्ज, नाव सुवाच्य अक्षरात लिहिलेलं.

"तात्याबा, माझा दाखला पायजे. खो-खोचा."

"तुझा गेल्या साली दिलाय की," मी म्हणालो. "आणखी किती दाखले घेशील?"

"त्यो ताईला दिला."

"मग? नाव कुणाचं होतं त्याच्यावर?"

"मग आता मी कुणाच्या नावानं खेळू?"

"आईच्या नावानं खेळ," मी म्हणालो. "रंगुबाई म्हणून. म्हाताऱ्यांच्या गटात ढाल पक्की."

मागं बसलेले दोन मास्तर खो-खो हसले. त्या दिवशी तो विनोद मी स्टाफरूममध्ये तीनदा सांगितला; तिसऱ्यांदा तर पदर सावरायची नक्कलही केली. रेश्मानं अर्जाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि गेली. पुन्हा ती मैदानावर आली नाही. दहावीपर्यंत शाळेत होती, पण खेळाच्या तासाला लायब्ररीत बसायची.

थोरली दहावीनंतर कराडला गेली. तो सातारा जिल्हा, तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. स्वतःच्या नावानं खेळली, विद्यापीठात खेळली, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि आमच्या शाळेत लागली. रेश्मा शिरवळला एका कंपनीत लागली. तिथं ती तयार माल तपासते. चुकीचं लेबल लागलेले खोके बाजूला काढते. घरी दोघी समोरासमोर आल्याच तर आईमार्फत बोलायच्या: "आई, तिला म्हणावं मीठ दे." मग वीरधवलशी थोरलीचं लग्न झालं, रेश्मा आली नाही, आणि पोह्यांची कुजबुज उठली. ती मला सोयीची होती. गाव पोह्यांत शोधतंय तोवर दाखल्यात कोण शोधणार?

गेल्या जानेवारीत नवे हेडमास्तर ऋषिराज सर यांच्या मनात आलं, शाळेच्या वर्धापनदिनाला दोन हजार नऊच्या संघाचा सत्कार करायचा, सोबत जुन्या कर्मचाऱ्यांचाही. जुन्या कर्मचाऱ्यांत मी. संघाची यादी त्यांनी जिल्ह्याच्या कागदावरून काढली. सातव्या नंबरला रेश्मा आकाराम. ग्रुप फोटोत मधोमध संयोगिता बघून ते म्हणाले, "दोघी बहिणी किती सारख्या दिसतात." आठच महिने झाले होते त्यांना साताऱ्याहून येऊन.

संयोगिता माझ्या घरी आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"तात्याबा, यादीत रेश्माचं नाव हाय. तिला पत्र बी गेलंय."

"मग घिऊ दे की शाल."

"न खेळता शाल घिऊ दे?"

"न्हाई आली तर तू घे. घरातल्या घरात."

"तुमाला अजून चेष्टाच सुचतीया."

"पोरी," मी म्हणालो, "तुझी नोकरी हाय. चाळीस पोरी तुझ्या जिवावर मैदानात येत्यात. एवढ्याशा जुन्या कागदापायी सगळं घालवशील. गप बस."

बोललो तिच्या नोकरीचं. डोक्यात होतं माझं अक्षर, त्या कागदावरचं, आणि माझी शाल.

रेश्मा आली. रजा काढून, एसटीनं, आणि मंडपात शेवटच्या रांगेत बसली. मी पहिल्या रांगेत, माझा सत्कार आधीच उरकलेला. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. ऋषिराज सरांनी एकेक नाव पुकारायला घेतलं. सातवं नाव आलं, "रेश्मा," आणि बाजूला मुलींच्या रांगेशी उभी असलेली संयोगिता चटकन वळून दोन पावलं पुढं आली. सोळा वर्षांपूर्वीचा सराव पायात शिल्लक होता. मुली फिदीफिदी हसल्या. त्यांना वाटलं बाईंचं लक्ष नाही.

मागून रेश्माचा आवाज आला, मोठा नव्हता. "जा की. सवय हाय तुला त्या नावाची."

संयोगिता तशीच स्टेजवर गेली. शाल घेतली नाही, माईक घेतला.

"या यादीतली रेश्मा म्हणजे मी," ती म्हणाली. "माझं वय तीन महिन्यांनी जास्त होतं, म्हणून मी धाकट्या बहिणीच्या नावानं खेळले. तिचं नाव मी वापरलं, म्हणून पुढच्या वर्षी तिला खेळू दिलं नाही. ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची. मला तेव्हा कळत होतं. दाखला..." तिची नजर पहिल्या रांगेवर आली, माझ्यावर थांबली. "दाखला कुणी दिला, ते राहू दे."

ज्योतिबा सर वारले त्याला चार वर्षं झाली. ज्यानं उठायचं तो एकटा मीच उरलो होतो. नारळ दोन्ही हातांनी धरून मी बसून राहिलो.

मंडप रिकामा झाला तेव्हा रेश्मा माझ्या खुर्चीपाशी आली. वाकून, अगदी मर्यादेनं, तिनं विचारलं, "तात्याबा, माझा दाखला तयार झाला का वो?"

मी खांद्यावरची शाल सावरली. ती एसटी स्टँडकडं चालू लागली. संयोगिता तिच्या मागं गेली, दोन पावलं अंतर ठेवून. त्या काय बोलल्या, बोलल्या का, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

ढाल परत गेली. संयोगिताला संस्थेनं नोटीस दिली आहे, निकाल यायचा आहे. पोह्यांची गोष्ट गाव अजून सांगतं. त्यातलं मीठ आता माझं म्हणून ओळखतात.

वीरधवल रेश्माला बघायला कधी आला नव्हता. संयोगिताच्या फोटोखाली रेश्माचं नाव मी लिहिलं, आणि पुढच्या वर्षी रेश्मा दाखला मागायला आली तेव्हा तिला दिला नाही. बहिणींचा अबोला तिथून सुरू झाला. दाखल्यावरचं अक्षर माझं आहे.