भजनाच्या मागच्या बाजूला

कुमुदताई गेल्याचं मला मालवणच्या मासळी बाजारात कळलं. मी बांगडे घेत होते. मासेवाली पिशवीत बांगडे टाकता टाकता म्हणाली, "तुझी ती भजनवाली कुमुदबाय गेली गो. सकाळीच. तुका कळला नाय?" मी "नाय" म्हटलं, पिशवी घेतली आणि चालू लागले. ताईंचं घर बाजारापासून लांब नाही, पण माझे पाय धक्क्याकडे वळले. धक्क्यावरून परत बाजारात, बाजारातून एसटी स्टँडवर, तिथून पुन्हा धक्क्यावर… ऊन चढलं, पिशवीतले बांगडे वास मारू लागले, तरी मी फिरतच होते. एका जागी थांबले तर ते खरं होईल असं काहीतरी वाटत असावं. शेवटी त्यांच्या दारात पोचले तेव्हा सगळं उरकून माणसं परतत होती.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. हे लिहायलाही मी किती वेळा बसले आणि उठले. बसणं हा माझा जुनाच प्रश्न आहे, आणि कुमुदताईंची माझी ओळख त्यातूनच झाली.

तेव्हा मी फोंडाघाटला होते, सासरी. नवऱ्याचं बाजारात दुकान होतं, घर घाटाच्या रस्त्याला लागून. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात मूल गेलंही. विहिरीवर पाय घसरला, असं मी सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरांना, माहेरी भावाला, आल्यागेल्याला. इतक्यांदा सांगितलं की विहिरीवरचं शेवाळसुद्धा मला दिसायला लागलं. पण मी त्या दिवशी विहिरीवर गेलेच नव्हते. मागल्या दाराच्या पायऱ्यांवरून नवऱ्यानं मला ढकललं होतं. कारण काय, ते आठवत नाही. जेवणात काहीतरी… त्यानंतर मला एका जागी बसवेना. दाराकडे पाठ करून तर नाहीच. भाजी चिरताना उठायचं, दाराची कडी बघायची, परत बसायचं, परत उठायचं. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या पायाक काय चाक लागला?"

कुमुदताई तालुक्यातालुक्यातून फिरून बायकांना भजनं शिकवायच्या. एकटा जीव, लग्न केलेलं नाही, साठीकडे झुकलेलं वय, आवाज मात्र असा की सभामंडपात शेवटच्या खांबापर्यंत पोचायचा. त्यांचा पुतण्या आखातात नोकरीला होता. त्यानं त्यांना एक टेपरेकॉर्डर आणून दिला होता. भजनाची चाल त्यात भरून आणायची आणि बायकांना पुन्हा पुन्हा ऐकवायची, अशी त्यांची पद्धत. आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात बुधवारी दुपारी वर्ग भरायचा. मी दाराजवळच्या खांबाला टेकून बसायचे आणि एका भजनात चारदा उठायचे. तिसऱ्या की चौथ्या बुधवारी वर्ग सुटल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. "तुका बसाक जमना नाय मां गो?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, पाठीला रग लागते. त्यांनी मान हलवली. "माका पण लागायची," म्हणाल्या.

पुढच्या वेळी वर्गाआधी त्या आमच्या घरी आल्या. नवरा माल आणायला कोल्हापूरला, सासूबाई शेजारी पापड लाटायला. माजघरात त्यांनी टेपरेकॉर्डर ठेवला, कॅसेट काढली आणि उलटी करून घातली. "या बाजूक भजन नाय," म्हणाल्या, "ऐक. नको वाटला तर बंद कर. मी मागल्या परड्यात आसय." आणि खरंच उठून परसात गेल्या.

आधी नुसती खरखर. मग एका बाईचा आवाज. तिच्यामागे समुद्र वाजत होता, अगदी घराला लागून असावा असा. ती बाई "तर मगे" म्हणायची आणि थांबायची. तर मगे… तिचा नवरा दर्यावरून आला की काय व्हायचं ते ती सांगत होती. मध्येच हसलीसुद्धा, अगदी मी हसते तसं. तिच्यानंतर दुसरी, तिच्यामागे पिठाची गिरण चालू. ती शुद्ध बोलायची, शिकलेली वाटत होती. तिला सासऱ्याची भीती होती. मग एक, जिच्या बोलण्यात सारख्या कोंबड्या येत होत्या. कुणी नाव सांगत नव्हतं, गाव सांगत नव्हतं. मी ऐकत राहिले. भाजी तशीच पडली होती. नंतर लक्षात आलं की तेवढ्या वेळात मी उठले नव्हते.

ताईंचे नियम फार नव्हते. नाव घ्यायचं नाही. "असं कर, तसं कर" म्हणायचं नाही, फक्त आपल्याला काय झालं ते बोलायचं. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकायचं. सगळ्यांचं ऐकून झालं की त्या बाजूवर ताई नवं भजन भरायच्या, म्हणजे मागचं सगळं पुसलं जायचं. कुणाचं काही उरत नसे. माझ्या पहिल्या वेळी मी बटणं दाबली आणि आधी दाराची कडी बघून आले. मग बोलले. विहीर, शेवाळ, पायऱ्या. रस्त्यावरून माल भरलेला ट्रक घाटाच्या चढाला लागत होता, त्याचा गियर बदलल्याचा आवाज माझ्या बोलण्यावर चढला. ताई परसातून आल्या तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही. हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "चल, देवळात बायका थांबल्या असतली."

पुढच्या फेरीत समुद्रवालीचा आवाज आला. "तर मगे… ती ट्रकवाली आसा मां, तिका सांगा, माकाय कडी बघूक उठूचा लागता. आमका काय याड लागूक नाय." मी ती कॅसेट मागे घेऊन तेवढंच वाक्य पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं होतं, भावानं अंगारा पाठवला होता, पण "आमका" असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

अशी आमची ओळख पडली… ट्रकवाली, गिरणवाली, कोंबडीवाली, समुद्रवाली. एकमेकींना पाहिलं नव्हतं, पाहण्याची शक्यताही नव्हती. ताई एसटीनं आज तोंडवली, परवा फोंडाघाट करत हिंडायच्या आणि आम्ही त्यांच्या पिशवीतून. हे त्यांना कसं सुचलं, ते मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, सुचलं नाही, झालं. टेपरेकॉर्डर नवा होता, घरात एकट्या होत्या, भजन भरायला बसल्या आणि गाण्याऐवजी भलतंच बोलून गेल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या असताना शिक्षणासाठी नात्यातल्या एका घरी राहिल्या होत्या, तिथलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं. "मगे ता परत लावलंय आणि ऐकलंय," त्या म्हणाल्या, "आणि माका त्या चेडवाची दया इली. तोपर्यंत नुसतो राग येई." त्या पोरीबद्दल, म्हणजे स्वतःबद्दल, त्या त्यापुढे कधी बोलल्या नाहीत.

मग तो बुधवार आला. सभामंडप भरलेला होता, उत्सव जवळ आला होता, देवळाचे दोघे-तिघे मानकरीही येऊन बसले होते. सासूबाई पहिल्या रांगेत. ताईंना ताप होता, तरी आल्या होत्या. त्यांनी कॅसेट घातली आणि बटण दाबलं. उलटी बाजू लागली. ट्रकचा आवाज, आणि त्यावर माझा, त्या फेरीत पुन्हा तेच सांगणारा… "घसरला नव्हता. त्यानं ढकललं."

ताईंनी बंद केलं, पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. एक मानकरी म्हणाला, "ह्या काय बाय? कोणाचो आवाज ह्यो?" ताई ताडकन म्हणाल्या, "माझोच. माझीच गोष्ट ती." त्यांचा आवाज अख्ख्या गावाला पाठ होता. तो त्यांचा नाही हे लहान पोरालाही कळलं असतं. तरी त्या मानकऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभ्या होत्या, तापानं तोंड लाल झालेलं. मी खांबाशी होते, दार दोन हातांवर. उठून जाणं मला सवयीचं होतं. मी उठले… आणि गेले नाही. म्हणाले, "नाय. तो माझो आवाज."

सासूबाई उठल्या आणि माझ्या दंडाला धरून मला घरी घेऊन आल्या. घरी आल्यावर त्यांनी माझी ट्रंक ओढून काढली, हाताला येतील ती लुगडी त्यात कोंबली. "आमची अब्रू रस्त्यार घातलंस," म्हणाल्या. मग दाराकडे बघून हळू आवाजात, "तो येवच्या आदी भायर पड. परत येव नको." त्यांनी मला हाकललं की वाचवलं? मी अजून ठरवू शकलेले नाही. एसटीत मी उभ्यानं माझं माहेर, मालवण गाठलं, बसायला जागा असूनही. शेजारी ताई बसल्या होत्या, स्टँडवर माझ्यासाठी थांबलेल्या, तापानं फणफणलेल्या. भावानं दार उघडलं तेव्हा माझ्याआधी त्याच बोलल्या, "हिका विचारू नको काय झाला. सांगूचा तेव्हा सांगात." भावानं विचारलं नाही. वहिनीनं मात्र पुष्कळ विचारलं. पण ती वेगळी गोष्ट… वर्षभरात मी टायपिंग शिकले, नोकरी लागली, भाड्याची खोली घेतली.

ताईंना मात्र ते महाग पडलं. फोंडाघाटचा वर्ग बंद झाला, मग आणखी गावांचे. बाई बायकांना बिघडवते, अशी बोलवा झाली. त्या ज्या घरी अजून जाऊ शकत होत्या तिथे जातच राहिल्या. मी कधी काही बोलायला गेले की म्हणायच्या, "चूक माझ्या हातची गो. कॅसेट मी बघूक व्हयी होती." ती चूक त्यांना शेवटपर्यंत डाचत होती. मला नाही. त्या चुकीमुळे मी आज मालवणात आहे, हे त्यांना सांगून मी थकले. त्यांनी ते कधी मानलं नाही.

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेले. जेवणं आटोपली, माणसं पांगली, तरी काही बायका माजघरात रेंगाळल्या होत्या. एकमेकींना अनोळखी. मी कोपऱ्यातल्या एकीला पाणी दिलं. ती म्हणाली, "तर मगे… थोडाच घाल." मी म्हटलं, "समुद्रवाली?" तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "ट्रकवाली तू मां?"

ती माझ्यापेक्षा लहान निघाली. पाच-सहा वर्षांनी तरी लहान, आणि मी तिला इतकी वर्षं थोरली समजत आले होते. गिरणवाली निघाली जरीकाठी साडीतली, चांगल्या घरातली. कोंबडीवाली बुटकी, हसऱ्या तोंडाची. आम्ही बसलो. एकमेकींचं सगळं आम्हाला ठाऊक होतं, आणि आता समोरासमोर आल्यावर कुणाला तोंड उघडेना. मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. समुद्रवाली चटईच्या काड्या उपसत होती. शेवटी गिरणवाली म्हणाली, "तोंडं बघून मला बोलता येत नाही." आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली. मग आम्ही सगळ्याच फिरलो. पाठीला पाठ, तोंडं चार भिंतींना. कोंबडीवालीनं सुरुवात केली. ताईंनी शेवटच्या भेटीत तिच्याकडे काय खाल्लं, किती वेळ बसल्या, ते. मग हळूहळू बाकीचं…

चहा घेऊन रजनी आत आली. रजनी ताईंच्या त्या आखातातल्या पुतण्याची बायको. नवरा दोन वर्षांतून एकदा महिन्याभरासाठी यायचा. ताईंचं दुखणंखुपणं, जेवणखाण तिनंच पाहिलं. मी येता-जाता "काय गो, बरी मां?" म्हणायचे, ती "बरी" म्हणायची, आणि तेवढ्यावर आमचं भागायचं. पाठमोऱ्या बसलेल्या आम्हा बायकांकडे ती बघत राहिली असावी. कपांचा किणकिणाट थांबला. ताई तालुक्यातालुक्यातून हिंडल्या, पण घरात हिला त्यांनी कधी विचारलं होतं की नाही, मला माहीत नाही. आता कुणाला विचारायचं?

ट्रे जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग माझ्या पाठीला एक पाठ येऊन लागली, घामेजलेली.

"माकाय सांगूचा आसा," रजनी म्हणाली.

आम्ही कुणी मागे वळून पाहिलं नाही.