दोन वर्षं मी अडाणी होतो

बारावी झाल्यावर मला लागलेलं पहिलं काम गेलं, ते मला वाचता येत होतं म्हणून. शहापूरच्या अलीकडे एका शेडमध्ये आम्ही पंधरा-वीस जण ठेकेदाराच्या हाताखाली खोकी भरायचो. एके दिवशी ठेकेदार सह्या घ्यायला कागद घेऊन आला. बाकीच्यांनी मुकाट्याने सह्या केल्या. मला बारावीची ताजी खाज. मी कागद मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही आपल्या मर्जीने काम सोडत आहोत असं त्यात लिहिलं होतं. तारखेची जागा तेवढी कोरी. ठेकेदार रागावला नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चांगला वाचतोस. उद्यापासून घरीच वाच."

यातून मी धडा घेतला, आणि मला शोभेल असाच घेतला. मुरबाडच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे कॅन बनवणाऱ्या एका कारखान्याला हेल्पर हवे होते. तिथे गेटवरच्या माणसाने फॉर्म भरताना शिक्षण विचारलं, तर मी म्हणालो, "शाळेत गेलोच नाय." सहीच्या जागी अंगठा दिला आणि शाई शर्टाला पुसली. अडाणी माणूस असंच करतो, अशी माझी समजूत. शेणव्याला घरी आल्यावर आई म्हणाली, "बारावीपर्यंत शिकवला, आनि पुसायला शर्टच गावला?"

माझी युक्ती चालली. कारखान्यात दर सात महिन्यांनी हेल्परना 'ब्रेक' मिळायचा. म्हणजे थोडे दिवस घरी बसायचं, मग नवा फॉर्म भरून पुन्हा नव्याने लागायचं, म्हणजे कुणी कायम व्हायला नको. जे कागद वाचायचे, प्रश्न विचारायचे, त्यांचा ब्रेक संपतच नसे. माझा संपायचा. तिथला ठेकेदार लोकांना माझं उदाहरण द्यायचा. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

माझ्या शेजारी डोळखांबकडच्या एका पाड्यातला माणूस कामाला होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. दहावीला गणितात अडकलेला. मशीनमधून गरम कॅन निघाला की त्याच्या कडेचं जास्तीचं प्लास्टिक ब्लेडने कापायचं, हे आमचं दोघांचं काम. माझं अडाणीपण दादाने फारच मनावर घेतलं. मला रजेचा अर्ज लिहून द्यायचा, एसटीची पाटी वाचून सांगायचा. बोर्डावर काही लागलं की दंडाला धरून न्यायचा आणि ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवायचा. तो अडखळला की पुढचा शब्द माझ्या जिभेवर यायचा, आणि मी जीभ चावून उभा राहायचो.

मग त्याने मला सही शिकवायची ठरवली. जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्यावर खडूने माझं नाव काढून द्यायचा. माझ्या नावात एक 'व' आहे. मी तो मुद्दाम उलटा काढायचो, गंमत म्हणून.

"अरं पोट डावीकडं, डावीकडं," दादा म्हणायचा. "भाताचं आवन लावतोस तवा हात बरा चालतो तुझा."

तीन महिने मी स्वतःचं नाव शिकत होतो. शेवटी त्याची दया येऊन एकदाचा सुलटा 'व' काढला, तर दुसऱ्या दिवशी त्याने घरून नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकट आणून सगळ्यांना वाटली. "पोरगा सही कराय लागला," असं प्रत्येकाला सांगत होता. मी सुकट दोनदा मागून घेतली.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुमारास बोर्डावर एक कागद लागला. मी लांबूनच वाचून काढला. ब्रेक धरून दोन वर्षं येणाऱ्या हेल्परमधून एक जण कंपनीत कायम घेणार. शिक्षणाची अट नाही. नाव शनिवारपर्यंत ऑफिसात द्यावं. दोन वर्षं भरलेले आम्ही दोघेच होतो. कायम म्हणजे ब्रेक नाही, फॉर्म नाही, आणि मुलगी बघायला गेल्यावर 'काय करता' या प्रश्नाला सरळ उत्तर. तरी सवयीने दादाला विचारलं, "काय लिवलंय?"

त्याने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. बोट फिरत फिरत शेवटपर्यंत गेलं, तोंडातून मात्र शब्द निघाला नाही. मग म्हणाला, "काय नाय रे. कॅन्टीनचा टाइम बदलला. आपल्याला काय, आपन डबेवाले."

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माणूस तोंडावर खोटं वाचत होता आणि ते खोटं आहे हे कळायची मला सोय नव्हती. ज्या बोटाने मला 'व' शिकवला त्याच बोटाने तो मला कापत होता. दोन दिवस भाकरी गोड लागली नाही.

ऑफिसात जाऊन नुसतं नाव दिलं असतं तर भागलं असतं. कुणीतरी सांगितलं, म्हटलं असतं. पण मला दादाला नुसतं हरवायचं नव्हतं, लोळवायचं होतं. म्हणून शनिवारी मी बारावीची मार्कशीट घेऊन गेलो.

साहेबांनी मार्कशीट पाहिली, मग माझी फाइल काढली. त्यात माझे अंगठे ओळीने बसले होते.

"हे कोणाचे?"

"माझेच, साहेब."

"आणि ही मार्कशीट?"

"तीपन माझीच."

मार्कशीट चोरीची आहे, असं साहेबांना वाटलं. त्यांनी दादाला बोलावून घेतलं. "याला लिहितावाचता येतं का रे?"

"नाय साहेब," दादा म्हणाला. "नाव लिवतो फकस्त. ते मी शिकवलं." त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो अजून माझ्या कानात आहे.

साहेबांनी टेबलावरची नोटीस माझ्यापुढे सरकवली. "वाच."

मी वाचली. एकदाही न अडखळता, 'शिक्षणाची अट नाही' इथे जरा आवाज चढवून. संपल्यावर रुबाबात दादाकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्याची मान खाली असेल. तो सरळ माझ्याकडे बघत होता.

"आनि तो 'व'?" त्याने विचारलं.

साहेब म्हणाले, दोन वर्षं कंपनीला फसवणारा माणूस कायम करून आम्ही काय करू? सोमवारपासून येऊ नकोस.

गेटबाहेर दादाने मला गाठलं. "मला वाटलं, अंगठेवाल्याला ठेकेदार सोडत नाय. तुझं कसंपन भागंल. म्हून वाचलं नाय."

"माझी नोकरी खाल्लीस तू."

"मी एकदाच खोटं वाचलं रे," तो म्हणाला. "तू दोन वरसं खोटं शिकलास."

तो कायम झाला. मी पोल्ट्रीत कोंबड्या मोजल्या, फार्महाउस राखलं, खर्डी स्टेशनबाहेर दुसऱ्याची रिक्षा चालवली. शेवटी शहापुरात वॉचमन पुरवणाऱ्या एका एजन्सीत चिकटलो. काम काय, तर आलेल्या माणसांचे फॉर्म भरून द्यायचे. म्हणजे लिहिणं-वाचणंच.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी कॅनच्या कंपनीने मशिनं उचलून परराज्यात नेली आणि कायमवाल्यांना घरी पाठवलं. एके दिवशी मान वर केली तर समोर दादा. केस पिकलेले. आमची एजन्सी आधी कुठे कायम नोकरीत असलेल्या माणसाला घेत नसे. युनियनवाला असेल म्हणून. हे त्याने बाहेर ऐकलं होतं. खुर्चीवर बसत हळूच म्हणाला, "काय लपवू सांग. त्यातला मास्तर तूच."

मी आधीच्या कामाच्या रकान्यात 'शेती' लिहिलं. बाकीचं भरलं आणि बोट ठेवून म्हणालो, "इथं सही."

त्याने सही केली नाही. फॉर्म स्वतःकडे ओढला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागला. मागची माणसं कुरकुरत होती. चौथ्या ओळीत तो अडखळला, तेव्हा पुढचा शब्द मी सांगितला. त्याने मान हलवली, आणि बोट तिथेच ठेवून तो शब्द स्वतः पुन्हा वाचला.